आईच्या नावाचे गहू

आईला वर काढायचा दिवस ठरला तेव्हा खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

आमच्याकडे ग्रीसमध्ये दफनभूमीत जागा तीन वर्षांसाठीच मिळते. तेवढ्यात मातीनं आपलं काम उरकायचं असतं. मग घरच्यांनी जायचं, हाडं वर काढायची, वाइननं धुवायची, उन्हात वाळवायची आणि पत्र्याच्या पेटीत घालून भिंतीतल्या फडताळात ठेवायची. पेटीवर फोटो आणि नाव. तिथंच बाबांची पेटी आहे, तिच्या शेजारी आईसाठी जागा मी आधीच सांगून ठेवली होती. खाली रिकामी झालेली जागा लगेच दुसऱ्या कुणाला. थेसालोनिकीसारख्या शहरात जिवंत माणसाला घर मिळत नाही, तिथं मेलेल्यांचे लाड कोण करणार?

ही तीन वर्षं दर शनिवारी मी आईकडे गेले. आमची केरामिया वस्ती शहराच्या पार टोकाला आहे. बस इथं येऊन वळते, पुढं बंद पडलेली वीटभट्टी आणि मग शेतं. दफनभूमी दुसऱ्या टोकाला, टेकडीवर. बाजारात बस बदलायची, मग चढ चढायचा. एका हातात तेलाची बाटली आणि वाती, दुसऱ्या हातात फुलं. वर पोचलं की बादली भरून संगमरवर धुवायचा, दिव्यात तेल घालायचं, आणि गुडघे धरून तसंच खाली यायचं. एखादा शनिवार चुकला की रविवारी चर्चच्या दारात कुणीतरी हमखास म्हणायचं, "पोलिक्सेनी, काल तुझ्या आईचा दिवा विझलेला दिसला गं, मीच लावला." म्हणजे उपकारही झाले आणि थोबाडीतही बसली.

पेटीतल्या माणसाला मात्र दर आठवड्याला दिवा लागत नाही. वर्षातून दोनदा गेलं की भागतं. मी शिवणकामाच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवत म्हातारी झाले. मग बाबांचं आजारपण, त्यानंतर आईचं. आईचं तर इतकं लांबलं की माझ्या मैत्रिणींना नातवंडं झाली तरी मी अजून आईचे डायपर बदलत होते. त्यामुळे त्या ऑक्टोबरातल्या सकाळी मी काळे कपडे घालून निघाले ते रडायला नाही, सुट्टी घ्यायला निघाले होते.

वर आम्ही चौघं जमलो होतो. मी, माझा धाकटा भाऊ योर्दानिस, पाद्री आणि कालिओपी. कालिओपी आमच्या गल्लीतली. ती कुणाची कोण लागत नाही, पण वस्तीतल्या एकाही माणसाचं वर काढणं तिनं चुकवलेलं नाही. योर्दानिस समुद्राच्या बाजूला, चांगल्या भागात राहतो. तो गाडीच्या किल्ल्या बोटात फिरवत चार थडगी लांब उभा होता.

"ये की जवळ," मी म्हटलं.

"इथनं दिसतंय ताई."

"आई आहे ती, वाघ नाही."

खोदणारा व्हिसारिस खड्ड्यात उतरला. पाद्री पुटपुटत होते. मी वाइनची बाटली आणि नवा पांढरा टॉवेल घेऊन तयार उभी होते. थोड्या वेळानं फावड्याचा आवाज थांबला. व्हिसारिसनं वाकून पाहिलं, टोपी मागं सारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "झालं नाही."

"काय झालं नाही?" योर्दानिसनं लांबूनच विचारलं.

"विरघळली नाहीत आजी. आहेत तशाच आहेत."

कालिओपीनं छातीवर क्रूस काढला, एकदा नाही, तीनदा. आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं, "जिवंतपणी तिनं कुणाचं ऐकलं होतं?"

पाद्री माझ्याकडे बघतच राहिले. पण मला हसू येत नव्हतं. मला तिथंच खाली बसावंसं वाटत होतं.

"नायलॉनचे मोजे कुणी घातले होते?" व्हिसारिसनं विचारलं. "नायलॉन घालायचं नसतं. माती आत शिरत नाही. त्यात हल्ली सगळे औषधं खाऊन खाऊन येतात."

"मी घातले," मी म्हटलं. "तिचे पाय गार पडायचे."

 मग त्यांनी तिला तशीच उचलून मागच्या भिंतीजवळ नेलं. ज्यांचं झालेलं नसतं त्यांना तिथं पुन्हा पुरतात, आणखी दोन वर्षं. तिथं संगमरवर नाही, फोटो नाही, नाव नाही. लोखंडी सळईवर आकड्याची पाटी, बस्स. मला ते बघवेना. आयुष्यभर दारातली पायरी दिवसातून दोनदा धुणारी बाई, आणि तिला असं भंगारासारखं कोपऱ्यात टाकलं.

परतताना योर्दानिसनं मला वस्तीच्या तोंडाशी सोडलं. "दोन वर्षं काय गं, बघता बघता जातील."

"कुणाच्या बघता बघता?" मी विचारलं.

त्यानं गाडी वळवली. वाइनची बाटली तशीच माझ्या हातात होती.

मी घरी पोचून चपला काढते न काढते तोवर कालिओपीनं बातमी सगळीकडे पोचवली होती. दुसऱ्या दिवशी बेकरीत शिरले तर बायका एकदम गप्प झाल्या. बेकरीवालीनं न मागता माझा पाव कापून दिला आणि म्हणाली, "देव बघतो सगळं." कशाबद्दल ते बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. केरामियातल्या प्रत्येकाला सुमेलामावशीचा शाप तोंडपाठ होता.

आमच्या वस्तीतली निम्मी घरं एकेका रात्रीत उभी राहिलेली आहेत, परवान्याशिवाय. संध्याकाळी सगळी गल्ली विटा वाहायला यायची, आणि सकाळी पोलीस येईपर्यंत छप्पर चढलेलं असलं की घर वाचलं. छप्पर नसलं की भिंती पाडायचे. सुमेलामावशी लग्न होऊन नवी आली तेव्हा आमच्या शेजारच्या मोकळ्या तुकड्यावर तिचं घर असंच उभं राहत होतं. त्या तुकड्यावर आई कोंबड्या सोडायची. छपराचे पत्रे चढायच्या आतच पोलीस आले. कुणीतरी आगाऊ कळवलं होतं. भिंती पाडल्या. मावशी तेव्हा गरोदर होती. ती त्या विटांच्या ढिगावर उभी राहिली आणि आमच्या दाराकडे बघून आईच्या नावानं ओरडली, "एव्हदोकिया! तुला मातीनं खाऊ नये! तुझी हाडं मोकळी होऊ नयेत!"

पुढं तिचं घर झालं, दुसऱ्या एका रात्री. आमच्या आणि तिच्या मध्ये एक तारेचं कुंपण आलं. ती आणि आई एकमेकींशी बोलताना मी कधी पाहिलं नाही. मी मावशीशी फक्त नमस्कारापुरती बोलायचे. आई म्हणायची, "मी नाही कळवलं. मेरीमातेची शपथ." लोक ऐकून घ्यायचे. हळूहळू त्यांनी ते सोडूनही दिलं होतं. आता मातीनंच साक्ष दिली म्हटल्यावर पुन्हा सगळं वर आलं. आईचं नाव गेलं होतं, आणि त्याच्याबरोबर माझे मोकळे होणारे शनिवारही.

"सुमेलाला वर घेऊन जा," कालिओपी मला म्हणाली. ती पायरीवर बसून माझीच कॉफी पीत होती. "तिनं तोंडानं घातलंय, तोंडानंच काढू दे. नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा तेच. आमच्या मामेबहिणीच्या सासऱ्याला तीनदा पुरला."

"मावशीला दोन पावलं चालवत नाही, टेकडी कशी चढेल?"

"मग इथूनच म्हणू दे. पण म्हणायला हवं. आणि साक्षीदार हवा. मी येते."

"तू येऊ नकोस," मी म्हटलं.

दुपारी मी एकटीच गेले. मावशी अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून डाळिंब सोलत होती. मांडीवर पातेलं, बोटं लाल. तिनं मान वर केली नाही.

"ये. मला वाटलंच होतं, आज नाहीतर उद्या येशील. कालिओपी कुठाय? कुंपणामागं लपलीय?"

"घरी बसवून आलेय."

"कॉफी पिऊन गेली असेल तुझी." तिनं दुसरं डाळिंब फोडलं. "बस. पण माझ्यावर डाफरू नकोस. मला रक्तदाब आहे."

मी बसले नाही. उभ्यानंच म्हटलं, "मावशी, झालं ना तुमच्या मनासारखं? आता पुरे करा. कोपऱ्यात टाकलंय तिला, नावाची पाटीसुद्धा नाही. काय असेल ते, मेली ना ती? सोडा आता. तुम्ही म्हणा एकदा तोंडानं. मी पाया पडते तुमच्या."

"तुझे गुडघे बघ आधी. पडलीस तर उठवणार कोण?"

मला रडू कोसळलं. इतक्या दिवसांत तेव्हाच. मावशीनं पातेलं खाली ठेवलं, हात फडक्याला पुसले.

"ऐक," ती म्हणाली. "मी तिला केव्हाच सोडलंय. तुझा बाप गेला ना, त्याच्या चाळिसाव्या दिवशी. तू आत पाहुण्यांना वाढत होतीस. तुझी आई वाटीभर गहू घेऊन कुंपणाशी आली."

मेलेल्याच्या नावानं आम्ही गहू उकडतो. त्यात साखर, डाळिंबाचे दाणे, बदाम, बेदाणे घालतो, आणि चर्चमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक पुडी देतो. घेणारा म्हणतो, देव त्याला क्षमा करो. आणि समज असा की घास गिळला की तुमच्याकडूनही त्या माणसाचं सगळं माफ.

"ती म्हणाली," मावशी सांगत होती, "सुमेला, तो गेला. आता मीही जाईन. पोलिसांना मीच कळवलं होतं. कोंबड्यांसाठी. गरोदर आहेस ते मला माहीत नव्हतं, माहीत असतं तरी कळवलं असतं कदाचित, तेव्हा मी तशीच होते. मला माफ कर."

"ती म्हणाली असं?" मला खरं वाटेना. "आमच्यासमोर तर शपथा घ्यायची."

"शपथ तुमच्यासाठी. माझ्याकडे खरं बोलायला आली. मी काय करणार होते? वाटी घेतली. तुझ्या बापाच्या नावाचा एक घास खाल्ला, आणि दुसरा म्हटलं, एव्हदोकिया, हा तुझ्या नावाचा, आधीच खाऊन ठेवते. मग आम्ही दोघी रडलो आणि ती आत गेली. त्यानंतर बोलायला काही उरलंच नाही. इतकी वर्षं न बोलल्यावर माणूस काय बोलणार, भाज्यांचे भाव? तर माझ्याकडून काही नाही बाळ. मातीत तिला धरून ठेवणारी मी नव्हे."

"मग कोण?"

मावशीनं माझ्याकडे नीट पाहिलं. ती नजर मला आवडली नाही.

"तिच्या नावाचे गहू तू किती वेळा केलेस?"

"पुरताना. चाळिसाव्याला. दर वर्षी. परवा वर काढतानासुद्धा."

"आणि खाल्लेस किती वेळा?"

मी मनात मोजू लागले. करणारी मी, ढवळणारी मी, पुड्या बांधणारी मी, दारात उभं राहून वाटणारी मी. सगळ्यांचं झालं की पातेलं घासणारीही मीच. मी एक दाणा तोंडात टाकला नव्हता.

"वेळ कुठं मिळतो?" मी म्हटलं.

"हो, ते आहेच," मावशी म्हणाली आणि पुन्हा डाळिंब घेतलं.

मी चिडले. "तिनं तुमची माफी मागितली. माझी? माझी एकदा तरी मागितली? एका घराच्या चार भिंती पडल्या तुमच्या, त्या पुन्हा उभ्या राहिल्या. माझं काय उभं राहिलं?"

"मुलीकडे कोण मागतं गं?" ती हळूच म्हणाली. "मलाही चार मुली आहेत. मी एकीचीही मागितलेली नाही."

घरी आले, दार लावलं. स्टाथिस आठवला. तो आमच्या वस्तीत येणारी बस चालवायचा. शेवटच्या थांब्यावर बस वळवायचा तेव्हा हॉर्न दोनदा वाजवायचा, आणि मी शिवणयंत्रावरून उठायचे. साखरपुड्याच्या दिवशी आई स्वयंपाकघरात पडली. डॉक्टर आले, काही सापडलं नाही. तारीख पुढं ढकलली, ती पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा स्टाथिस म्हणाला, तुझी आई अजून पुष्कळ वर्षं पडत राहणार. त्यानं व्हेरिया गावातल्या एका मुलीशी लग्न केलं. हॉर्न वाजायचा थांबला.

हे मी केव्हाच गिळलं होतं. असं होतं बऱ्याच जणींचं. पण शेवटच्या आजारात एके सकाळी मी तिची पाठ पुसत होते, पाठीला जखमा झाल्या होत्या म्हणून हळू हळू पुसत होते, आणि ती अगदी समाधानानं म्हणाली, "बरं झालं तुझं लग्न झालं नाही. नाहीतर मला कोणी पाहिलं असतं?" मी पाणी ओतलं, टॉवेल पिळला, तिला कुशीवर वळवलं.  ते वाक्य तेव्हापासून माझ्या पोटात आहे. माती विरघळवते म्हणतात, पण पोटात माती कोण घालणार?

शनिवार आला. आदल्या दिवशी मी गहू भिजत घातले होते. सकाळी उकडले, पंच्यावर पसरून वाळवले, नेहमीसारखं सगळं घातलं. मावशीनं कुंपणावरून डाळिंबाचे दाणे दिले, मागितले नव्हते तरी. डबा भरला, दोन बस केल्या, चढ चढले. मागच्या भिंतीजवळ आकड्याची पाटी शोधली. व्हिसारिस तिथं नळी गुंडाळत होता. त्याला एक पुडी दिली.

"देव तिला क्षमा करो," तो म्हणाला आणि उभ्याउभ्याच खाऊ लागला. "किती सोपं असतं ना," मी मनात म्हटलं. तो निघून गेला.

मी भिंतीच्या कट्ट्यावर बसले. आसपास कुणी नव्हतं, म्हणून बोलले. मोठ्यानंच बोलले.

"आई, तू माझं वाटोळं केलंस. तुला माहीत होतं. पडताना तू आधी खुर्ची बाजूला सरकवायचीस, मी बघितलंय. आणि ते टॉवेलच्या वेळचं तुझं बोलणं, ते तू बोलायला नको होतंस. तुझे पाय गार पडायचे म्हणून मी तरीही मोजे घातले. चांगले, जाड. आणि त्याच मोज्यांनी तुला अडकवलं म्हणतात. बघ आपली गंमत. मला तुझा राग आहे आई, आणि मला तुझी आठवणही येते, आणि दोन्हीनं मी दमलेय. मला आता जमत नाही गं. तुला धरून ठेवायलाही अंगात बळ लागतं, तेवढं माझ्यात राहिलेलं नाही."

मग डबा उघडून चमचाभर गहू तोंडात टाकले. दालचिनी जास्त झाली होती. जिभेला चक्क झोंबली. आणि ती याच वेळी जास्त झाली असं नव्हे, मी नेहमी तेवढीच घालते. म्हणजे इतकी वर्षं सगळी केरामिया वस्ती हे असलं गिळून मला "पोलिक्सेनी, हाताला चव आहे हो तुझ्या" म्हणत आली होती. मी हसत हसत चावले आणि रडत रडत गिळले.

"देव तिला क्षमा करो," मी म्हटलं. डब्याला झाकण लावलं आणि म्हटलं, "मी पण."

परतले तेव्हा मावशी अंगणातच होती. "खाल्लेस?"

"खाल्ले."

"मनापासून?"

"नाही मावशी. थकून."

 "चालतं," ती म्हणाली. "मीसुद्धा थकूनच खाल्ले होते. तुला काय वाटतं, मायेनं? दालचिनी मात्र कमी घालत जा."

मी डबा तिच्या खुर्चीजवळ ठेवला आणि आत गेले.

बेकरीत कालिओपीनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, सुमेलामावशीनं म्हटलं, सगळं सुटलं. तिला तेवढं पुरे होतं. आईनं पोलिसांना कळवलं होतं की नाही, ते मी सांगितलं नाही, कधी सांगणारही नाही. दोन वर्षांनी काय निघेल ते निघेल. मोजे मी तिला वर काढलं त्याच दिवशी व्हिसारिसला सांगून काढून घेतले होते, एवढं मात्र केलं होतं.

पुढच्या शनिवारी मी गेले नाही. ठरवून नाही. सकाळी बस वळल्याचा आवाज आला, म्हटलं उठायला हवं, आणि कूस बदलली. जाग आली ती कुंपणावर काठी बडवल्यानं. ऊन खोलीच्या मध्यापर्यंत आलं होतं.

"पोलिक्सेनी! अगं पोलिक्सेनी! मेलीस का गं? दार नाही उघडलंस सकाळपासून!"

मी खिडकी उघडली. मावशी काठी उगारून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"नाही मावशी," मी म्हटलं. "झोपले होते."